आधी भांग पाडून बघा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं डोक्यावरच्या दुखऱ्या गाठीबद्दल आहेत. म्हणून या वेळी दुसरा कुठलाच विषय घेत नाही.

अंबाजोगाईत त्वचारोगाचा दवाखाना चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. हातापायावर फोड आला तर माणूस बाही वर करून दाखवतो. डोक्यावर आला तर तो नुसता सांगतो. बोटानं चाचपून चाचपून गाठीचा आकार पाठ झालेला असतो, पण घरातल्या एकानंही ती डोळ्यांनी पाहिलेली नसते. मी विचारते, "लाल आहे का? तोंड आलंय का? वरचे केस गेलेत का?" उत्तर ठरलेलं: "बघितलं नाही."

तेव्हा पुढची उत्तरं वाचण्याआधी एक काम करा. ज्याला गाठ आहे त्याला सकाळच्या उन्हात पाटावर बसवा, दोन्ही हातांच्या बोटांनी केस बाजूला सारा, भांग पाडून नीट बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चार दिवसांनी पुन्हा काढा. गाठ वाढली की उतरली, हे त्या दोन फोटोंवरून मला जितकं कळतं तितकं तोंडी सांगण्यावरून कळत नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी धारूर तालुक्यातला, बारावीला आहे. आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेत. आईच्या डोक्यावर टाळूपाशी बोराएवढी गाठ लई वर्षांपासून आहे, कधी दुखली नाही. आता पंधरा दिवस झाले, ठणकायलीय. मोळी उचलली की डोळ्यांत पाणी येतं, म्हणायली. टोळीतल्या एका बाईनं चुना-गूळ लावून दिला. मुकादम म्हणतो, दवाखान्यात गेली तर खाडा धरीन. आजीला पण अशीच गाठ होती. कॅन्सर तर नसंल ना?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या दोन ओळींनी माझं अर्धं काम केलं. गाठ वर्षानुवर्षं आहे आणि आजीलाही होती. डोक्यावर अशी जी गोल, टणक, कातडीखाली थोडी सरकणारी गाठ असते तिला आपल्याकडं सगळे ‘चरबीची गाठ’ म्हणतात. खरं तर तिच्यात चरबी नसते. केसाच्या मुळाच्या आवरणापासून एक पिशवी तयार होते आणि तिच्यात केरॅटिन साचत जातं. नखं आणि केस ज्याचे बनलेले असतात तेच हे द्रव्य, इथं फक्त पांढरट, पेस्टसारखं. ही गाठ बहुतेक वेळा डोक्यावरच होते, घराण्यात चालत येते आणि बायकांमध्ये जास्त दिसते. ती कॅन्सर नसते. तिचा कॅन्सर होणं अगदी विरळा.

मग आता का ठणकतेय? तुझी आई चुंबळ ठेवून त्यावर मोळी घेते. तीस-चाळीस किलोचं ओझं दिवसातून कितीतरी वेळा बरोबर त्या बोराएवढ्या उंचवट्यावर येतं. फडापासून गाडीपर्यंत चालताना चुंबळ घासते, फिरते. अशानं पिशवी आतल्या आत फुटते, आतलं केरॅटिन भोवतीच्या मांसात सांडतं आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. सूज, लाली, ठणका हे सगळं त्यातून येतं. त्यात जंतू शिरले तर पू होतो.

एवढीशी गाठ आणि इतकी कळ, असं तुला वाटलं असेल. डोक्याची कातडी पाच थरांची असते. वरचे तीन थर एकमेकांना घट्ट शिवल्यासारखे असतात. पोटावर सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते, डोक्यावर ती जागाच नाही. म्हणून वाटाण्याएवढी सूजसुद्धा रात्रभर झोपू देत नाही. आईला "एवढ्याशा गाठीचं काय घेऊन बसलीस" असं कुणी म्हणालं असेल तर त्याला हे सांग.

चुना-गूळ धुऊन टाकायला सांग. चुन्यानं कातडी भाजते आणि मग मूळ दुखणं कोणतं आणि भाजल्याची जखम कोणती, हे आम्हालाही कळेनासं होतं. तोपर्यंत कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, करता येईल असं एकच: स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं धरायचं, दिवसातून तीन-चार वेळा. दाबायचं नाही, सुई लावायची नाही. मोळी तात्पुरती वडिलांनी घ्यावी, आईनं तोडणी किंवा वाढं बांधणं बघावं.

आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन यावं. त्या गावचं रहिवासी असणं लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ताप आला, लाली गाठीच्या बाहेर पसरली, डोळ्याच्या पापण्यांवर सूज उतरली, मान अवघडली किंवा उलट्या झाल्या तर मात्र त्याच दिवशी जायचं. डोक्याच्या कातडीखालचा एक थर सैल असतो, त्यातून पू भराभर पसरू शकतो, आणि तिथल्या काही शिरा कवटीतून थेट आत जातात. खाड्याचे पैसे भरून निघतील. हे दुखणं आत गेलं तर भरून काढणं अवघड.

सूज पूर्ण उतरल्यावर, म्हणजे पट्टा पडून (ऊसतोडीचा हंगाम संपून) घरी आल्यावर, गाठ काढून घ्यायची. जागा बधिर करून लहानशी चीर देतात आणि पिशवीसकट गाठ बाहेर काढतात. पिशवी राहिली तर गाठ पुन्हा भरते. ‘मागं एकदा काढली होती, परत आली’ असं जे ऐकतोस ते बहुतेक वेळा त्यामुळंच. सगळं डोकं भादरावं लागत नाही. टाके सात ते दहा दिवसांत निघतात.

प्रश्न : औसा तालुक्यातून लिहिते. मुलगा सहा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी डोक्यात रुपयाएवढं गोल चट्ट्यासारखं झालं, केस तुटले. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, लावली की खाज थांबायची. आता तिथं लिबलिबीत मोठा फोड झालाय, पू येतो, केस हात लावला की निघतात. दवाखान्यात म्हणाले, चिरा देऊन पू काढावा लागेल. मुलगा फार घाबरलाय. काय करू?

उत्तर : ताई, चिरा देऊ नका. निदान केसाची तपासणी होईपर्यंत तरी नक्कीच नको.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण एका मुलाच्या डोक्याला मी चिरा दिलेला आहे. नुकतीच डिग्री घेऊन बाहेर पडले होते. असाच सात-आठ वर्षांचा मुलगा, असाच मऊ फोड, वर पुवाचे बारीक ठिपके. मी पू भरलाय म्हणून ब्लेड चालवलं. पू आला जेमतेम चमचाभर, रक्त मात्र थांबेना. डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या घट्ट थरात अडकलेल्या असतात, त्या कापल्या तर लवकर मिटत नाहीत. मुलगा ओरडत होता, त्याच्या बापानं त्याचे पाय धरले होते. आठ दिवसांनी फोड तसाच, वर माझी जखम. पुढं एका वरिष्ठ डॉक्टरांनी त्याचे दोन केस चिमट्यानं ओढून काचेवर ठेवले, सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवले. केसात बुरशीचे दाणे मण्यांसारखे भरले होते. तो पुवाचा फोड नव्हताच. तो डोक्यातला गजकर्ण होता. मुलगा बरा झाला, पण मी जिथं कापलं होतं तिथं केस परत आले नाहीत.

तुमच्या मुलाचं वर्णन मला तसंच वाटतंय. लहान मुलांच्या डोक्यात बुरशी केसाच्या आत शिरते, आधी चट्टा पडतो, केस मुळापाशी तुटतात. काही मुलांचं शरीर त्या बुरशीवर फार जोरात चिडतं आणि मग मध भरलेल्या पोळ्यासारखा मऊ, पाझरणारा, दुखरा फोड उठतो. आम्ही त्याला केरिऑन म्हणतो. गळू आणि केरिऑन वेगळे ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीय: केस हात लावला की न दुखता निघतात. गळवावरचे केस असे निघत नाहीत. मोठ्या माणसांना हा आजार सहसा होत नाही, कारण वयात आल्यावर डोक्याला जो तेलकटपणा येतो तो या बुरशीला मानवत नाही.

आता ती ट्यूब. मेडिकलवरून अशी जी ट्यूब मिळते तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडनं खाज थांबते, लाली जाते, आईला वाटतं गुण आला. खाली बुरशी निवांत वाढत राहते. मराठवाड्यात या ट्यूबांनी गजकर्णाचा जो धुमाकूळ घातलाय तो मी रोज बघते आणि दरवेळी जीव तुटतो. ट्यूब आजच बंद करा आणि तिचं खोकं डॉक्टरांना दाखवायला ठेवा.

बाहेरून लावायचं कुठलंही औषध केसाच्या मुळात पोचत नाही. बुरशीचं औषध पोटातूनच द्यावं लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनाप्रमाणं. ग्रिसिओफुल्विन साधारण सहा ते आठ आठवडे चालतं आणि दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या वरणभातानंतर दिलं तर अंगी लागतं. पंधरा दिवसांत फोड बसला की बरेच आईबाप औषध थांबवतात. तसं करू नका. आणखी एक: औषध सुरू झाल्यावर काही मुलांच्या अंगावर, कानामागं बारीक खाजरी पुरळ उठते. लोक म्हणतात औषध उष्ण पडलं, ॲलर्जी झाली. बऱ्याचदा ती मरणाऱ्या बुरशीवरची शरीराची प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनानं औषध सोडू नका.

तुमच्या घरी गोठा आहे का, हे पत्रात नाही. असेल तर वासरांची तोंडं बघा. डोळ्याभोवती, मानेवर करडे, पापुद्रे धरलेले गोल डाग असतील तर बुरशी तिथून आलेली असू शकते. मुलं वासराच्या गळ्यात पडतात, त्याच्या कपाळाला कपाळ लावतात. मांजर-कुत्र्याच्या पिलांकडूनही येते. नाहीतर मग न्हाव्याचं मशीन, एकमेकांच्या टोप्या, एकच फणी. मुलाचा कंगवा, टॉवेल, उशी वेगळी करा आणि घरातल्या बाकीच्या पोरांचीही डोकी उन्हात बसवून बघा. औषध सुरू झालं की मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. टक्कल करायची गरज नाही.

लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तिथं केसाची ही तपासणी होते, त्यात फार वेळ जात नाही. या आठवड्यातच जा. जितका उशीर तितकी कायमचं टक्कल राहायची भीती जास्त.

प्रश्न : सेनगाव तालुका, वय ५२, शेती. मानेच्या वर, केसांच्या कडेला मोठी पुळी आली. आधी एक तोंड होतं, आता चार-पाच झालीत. मान वळवता येत नाही. रात्री थंडी वाजून ताप येतो. बायकोनं बिब्बा घातला, त्यानं भोवती फोड आले. शेजारी म्हणतात पोटीस बांधा, पिकलं की आपोआप फुटंल.

उत्तर : दादा, हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत थांबू नका, म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला आधीच फोनवर निरोप दिलाय. इतरांसाठी इथं लिहिते.

एका केसाच्या मुळाशी पू झाला तर ते केसतूड. शेजारशेजारची अनेक मुळं आतून एकमेकांना जोडली जाऊन चाळणीसारखी तोंडं पडली तर ती काळपुळी. मानेची मागची बाजू ही तिची आवडती जागा, आणि साखर वाढलेला माणूस हे तिचं आवडतं घर. पोटीस बांधून काळपुळीचा निकाल लागत नाही. वरून दिसते त्यापेक्षा ती खाली कितीतरी रुंद पसरलेली असते. पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं, आणि आतला पू व मेलेलं मांस डॉक्टरांना साफ करावं लागतं.

साखर तपासली आहे का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. माझ्या दवाखान्यात काळपुळी घेऊन आलेल्या कितीतरी माणसांना आपल्याला ‘शुगर’ आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलंय. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली तर तो मधुमेह धरतात. ज्याला वर्षात तीन-चारदा केसतुडं होतात त्यानंही ही तपासणी करून घ्यावी, मग तो कितीही काटक असो.

बिब्ब्याबद्दल वहिनींना रागावू नका, पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलंय. पण बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. तुमच्या मानेभोवतीचे फोड हे त्या जळण्याचे आहेत. साखर असलेल्या माणसाची जळालेली कातडी भरून यायला महिने जातात. बाभळीच्या काट्यानं फोड फोडण्याचंही तेच.

प्रश्न : जिंतूर. मुलगी नऊ वर्षांची. कानामागं आणि मानेवर हरभऱ्याएवढ्या तीन गाठी हाताला लागतात, दाबलं की दुखतात. टीबी असेल का?

उत्तर : आधी तिच्या डोक्यात उवा आहेत का बघा. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, तसंच हे. उवांनी डोकं खाजतं, नखांनी ओरखडे पडतात, त्यात जंतू जातात आणि कानामागच्या, मानेवरच्या गाठी पहाऱ्याला उठतात. कोंडा चिघळला, डोक्यात फोड झाला तरी हेच होतं. मूळ दुखणं गेलं की त्या काही आठवड्यांत आपोआप बारीक होतात. गाठी चोळू नका.

उवांसाठी १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं. लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं. हे ‘पुन्हा’ बरेच जण विसरतात, पण ते लागतंच, कारण लिखांतून नव्या उवा तेवढ्या दिवसांत बाहेर पडतात. बारीक दातांची फणी रोज फिरवा. घरात सगळ्यांना एकाच दिवशी. रॉकेल मात्र डोक्याला कधीच लावू नका. चुलीपुढं बसलेल्या पोरीचे केस पेटल्याचं मी पाहिलंय.

टीबीची शंका कधी घ्यायची? गाठ बोराहून मोठी होत चालली, दुखत नाही पण टणक आहे, एकमेकींना चिकटलीय, संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरतंय, किंवा महिना-दीड महिना झाला तरी गाठ तशीच आहे. यातलं काहीही असलं तर तपासून घ्या.

प्रश्न : नातू पलंगावरून पडला, कपाळाच्या वर टेंगूळ आलं. हळद-तेल लावून चोळलं. बरोबर केलं का?

उत्तर : चोळायचं नव्हतं, काकू. चोळल्यानं आतलं रक्त आणखी पसरतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा माठातल्या पाण्याची घडी दहा मिनिटं धरायची, बस. मूल लगेच रडलं, नंतर खेळायला लागलं, जेवलं, तर टेंगूळ आठ-दहा दिवसांत जिरतं. पण पुन्हा पुन्हा उलटी, न थांबणारं रडणं, गुंगी, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, हातपाय नीट न हलणं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. मूल वर्षाच्या आतलं असेल आणि टेंगूळ मऊ, पाण्याच्या पिशवीसारखं लागत असेल तर बाकी काही नसलं तरी दाखवाच.

प्रश्न : नांदेडहून लिहितो. आई ७१ वर्षांची. डोक्यावर गाठ अशी दिसत नाही, पण कानशिलाजवळ हात लावू देत नाही. फणी फिरवली की कळवळते. तिथं दोरीसारखी शीर हाताला लागते. महिन्यात बारीक झालीय. भाकरी खाताना मधेच थांबते, जबडा भरून येतो म्हणते. दातांच्या डॉक्टरांनी दात चांगले आहेत सांगितलं. परवा म्हणाली, डाव्या डोळ्यापुढं क्षणभर पडदा आला.

उत्तर : या सातही पत्रांत सगळ्यात घाईचं हे आहे. वरच्या काळपुळीपेक्षाही. तुम्हालाही फोन गेलाच आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं नव्यानं डोकं दुखू लागलं, कानशिलाची शीर दोरीसारखी जाड आणि दुखरी झाली, चावताना जबडा दुखून थांबावं लागलं, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. आपल्याकडं हा आजार कमी दिसतो, म्हणूनच तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. भाकरी चावायला जबड्याच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, आणि सुजलेल्या वाहिनीतून ते पुरत नाही. म्हणून घासभर चावलं की जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. हीच सूज डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्यांत असते. डोळ्यापुढं क्षणभर पडदा येणं ही शेवटची सूचना समजा. एकदा नजर गेली की ती सहसा परत येत नाही, आणि उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी त्याच दिवशी करतात, आणि शंका पक्की असेल तर डॉक्टर वाहिनीचा तुकडा तपासायला पाठवण्याचीही वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. मघाशी मी ट्यूबमधल्या स्टेरॉइडला नावं ठेवली. इथं तेच औषध, योग्य मात्रेत, डोळे वाचवतं. मोठ्या डॉक्टरांकडं जाताना "डोकं दुखतंय" एवढंच सांगू नका. जबडा, फणी आणि डोळ्यापुढचा पडदा या तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवा.

याच वयात डोक्याच्या एकाच बाजूला आग, टोचणी आणि दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड असं झालं तर ती नागीण. ती कपाळावर, डोळ्यावर उतरली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळ्याला धोका असतो. नागिणीवर गेरू लावत बसू नका. पहिल्या ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. दोन्हीकडून येऊन तिची तोंडं मिळाली की माणूस दगावतो, हे खरं नाही. ती एका नसेवर येते आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते.

प्रश्न : परतूर तालुका, वय २४. दोन वर्षं झाली, डोक्यात बारीक दुखरे फोड येतात. वेणी घालताना रडायला येतं. तीनदा दवाखान्यात गेले, तिन्ही वेळा डोकेदुखीच्या गोळ्या मिळाल्या. सोबत सासरे असतात. डोक्यावरचा पदर काढला नाही, कुणी काढायलाही सांगितला नाही.

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गोळ्या देणाऱ्यांनी गोळ्या का दिल्या ते कळतं, कारण तू म्हणालीस "डोकं दुखतंय". आपल्या बोलीत डोक्याच्या आतलं दुखणं आणि डोक्यावरचं दुखणं यांना एकच शब्द आहे. पण विचारणं आणि बघणं हे आमचं काम होतं. ते झालं नाही याचं मला वाईट वाटतं.

तू लिहिलंस त्यावरून हे केसांच्या मुळांना येणारे पुळ्यांसारखे फोड वाटतात. आपल्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. दिवसभर पदराखाली घाम, रोज चापून तेल, वर घट्ट वेणी. केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, ओढ बसते आणि आत जंतूंना जागा मिळते. पाण्याचे टँकर येतात त्या गावात डोकं रोज धुवा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण आठवड्यातून दोनदा तरी धू. तेल लावायचं तर धुण्याच्या आदल्या तासाभरात लाव आणि धुऊन टाक, रात्रंदिवस ठेवू नकोस. वेणी सैल घाल, आंबाडा कधी वर तर कधी खाली बांध. ओल्या केसांवर पदर घेऊ नकोस. नखं काप. फोड दाबू नकोस. एवढ्यानं बरेच फोड कमी होतात. जे राहतील त्यांना तपासून औषध लागेल, कारण दोन वर्षं हा काळ लहान नाही. तुझे केस जिथं फोड येऊन गेले तिथं विरळ झाले असतील, कातडी गुळगुळीत लागत असेल तर उशीर मुळीच नको. काही आजारांत फोड भरून आला तरी केसाचं मूळ कायमचं जातं. साखरही एकदा बघून घे.

आता दवाखान्यात जायचं ते असं. आशाताईला सोबत घे, सासऱ्यांना बाहेर बाकावर बसायला ती सांगेल. तिला ते सांगायची सवय असते. जाण्याच्या आदल्या दिवशी डोकं धू, तेल लावू नकोस, वेणी घालू नकोस, नुसते केस बांध. ज्या दिवशी फोड जास्त असतील त्या दिवशी जावेला भांग पाडायला लावून मोबाईलवर फोटो काढून घे, म्हणजे जाशील तेव्हा फोड बसलेले असले तरी दाखवता येतील. आत गेल्यावर पहिलं वाक्य "डोकं दुखतंय" हे नको. "माझ्या डोक्यावर फोड आहेत, बघा" असं म्हण, आणि पदर मागं घे.